पाणी उलटं येते

कुठल्याही घरी गेला की तो आधी नळ सोडायचा आणि नळाच्या तोंडावर अंगठा धरायचा. रामराम नाही, चहा नाही, घरात आजारी कोण आहे याची चौकशी नाही. डोळे मिटून उभा राहायचा. घरातलं कोणी बोललंच तर म्हणायचा, "चूप बसा." मग अंगठा काढून घरमालकाच्या नाकापुढं नाचवायचा.

"पाह्य. चोखून राहिला. तुमचा नळ पाणी देऊन नाई राहिला, पिऊन राहिला."

घरमालक बिचारा त्या अंगठ्याकडे बघायचा. अंगठ्यात बघण्यासारखं काही नसायचं. तो अंगठा नळानं आत ओढला होता, हे कळायला स्वतःचाच अंगठा लावावा लागतो, आणि तेवढी तसदी पांढुर्ण्यात कोणी घेत नाही.

तो प्लंबर होता. माझं नळ-पाइपाचं दुकान बसस्टँडजवळ आहे, त्यामुळे दिवसातून एकदा तरी तो माझ्या काउंटरवर येऊन टेकायचाच. नाव सांगत नाही. त्याची मुलगी इथून जवळच नांदते, आणि या नावापायी तिला जेवढं ऐकावं लागलं तेवढं पुरे आहे.

अंगानं आडवा, शर्ट मात्र कायम पांढरा आणि इस्त्रीचा. चिखलाची कामं पोरांकडून करवून घ्यायचा आणि काठावर उभा राहून त्यांचा उद्धार करायचा. कपाळावर गोटमारीतल्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या दगडफेकीतल्या, दगडाचा जुना वण होता. दगड पलीकडच्या सावरगावच्या बाजूनं आला होता, आणि आपल्या कपाळावर आपटून तो दगडच फुटला असं तो सांगायचा. मला ते खरंही वाटायचं.

जिभेला हाड नव्हतंच. एका गृहस्थानं हौसेनं नवीन बाथरूम बांधलं. गृहस्थ अंगानं भरलेले. यानं दारातून एकदा बाथरूमकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे आणि म्हणाला, "भाऊ, हे तुमच्या मापाचं नाई. एकतं भित पाडा, नाईतं जेवण बंद करा." गृहस्थांची बायको हसली, म्हणून लगेच तिच्याकडे वळला. "तुमी कायले हसता? स्वयंपाक तं तुमीच करता." कोणी म्हणालं पाणी फार कमी येतं, की हा म्हणणार, "तुमच्या घरी पाणी कमी अन् बोलणं जास्त हाय. बोलण्यावर एक कॉक बसवून देऊ का?"

मलाही सोडत नसे. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मोठ्यानं म्हणायचा, "हा माणूस दोन्हीकून कमावते. मोटरबी इकते अन् मोटरचा इलाजबी इकते." यात खोटं काहीच नव्हतं. दुकानदाराला दोन्ही माल ठेवावे लागतात. मोटर मात्र जास्त खपते.

आता हे मोटरचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याची आळी जाम नदीकडच्या उताराची. आळीला एकच बारीक पाइप, आणि पाणी एक दिवसाआड, सकाळी, तेही जेमतेम. मग प्रत्येकानं काय केलं असेल हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याही आळीत तेच असणार. प्रत्येकानं थेट नळालाच मोटर लावली. एकाच पाइपाला इतकी तोंडं चोखायला लागली की पाइपातलं पाणी संपतं, पण मोटर थांबत नाही. पाइपाला कुठंही भोक सापडलं की तिथून ती ओढते. आणि भोकं घरोघरी आहेत. कोणाची रबरी नळी संडासच्या ड्रममध्ये बुडवून ठेवलेली, कोणाची म्हशीच्या टाक्यात. नळी तशीच सोडून माणसं आत चहा प्यायला जातात. त्या ड्रममधलं, त्या टाक्यातलं पाणी नळीतून मागं सरकतं, पाइपात शिरतं आणि चार घरं सोडून कोणाच्या तरी माठात पडतं.

"पाणी उलटं येते," तो म्हणायचा. उठता-बसता म्हणायचा. लोकांना वाटायचं, हा याचा धंद्याचा मंत्र आहे.

यावर उपाय आहे, आणि तो माझ्या दुकानात डाव्या हाताच्या फळीवर असतो. वीतभरही नसलेली पितळी नळी, आत एक झडप. पाणी पुढं जाताना झडप उघडते, मागं यायला लागलं की मिटते. दुकानात आम्ही त्याला एनआरव्ही म्हणतो, आळीत सगळे झडपच म्हणायचे. पण या झडपेत एक मोठी खोट आहे. ती तुमच्या घरी बसवली तर तुमची घाण शेजाऱ्याकडे जात नाही. शेजाऱ्याची घाण तुमच्याकडे यायची ती येतच राहते. म्हणजे तुमच्या भिंतीला बसवायची आणि भलं शेजाऱ्याचं करायचं. हे ऐकल्यावर पांढुर्ण्यातलं गिऱ्हाईक ती नळी हळूच परत फळीवर ठेवतं आणि मोटर दाखवा म्हणतं.

त्याच्या आळीत एकट्या त्याच्याच घरी झडप होती. घरी मोटरही होती, तो काही साधुसंत नव्हता. पण आख्ख्या आळीत ज्याची घाण कोणाला बाधू शकत नव्हती असं तेवढं एकच घर, आणि बाकी सगळ्यांची घाण खुशाल येऊ शकेल असंही तेच.

लोकांना पटवायची त्याची पद्धत वाईट होती. कपड्याची नीळ घ्यायची आणि सांगितल्याशिवाय कोणाच्या तरी टाक्यात ओतायची. मग निळं पाणी कोणाच्या नळाला येतं ते आळी गोळा करून दाखवायचं. त्याच्या शेजारी दिवाकरराव राहायचे. संत्र्याची दलाली, घरामागं म्हशींचा गोठा, गोठ्यात टाकं आणि टाक्यात बाराही महिने पडलेली नळी. दिवाकररावांचा जावई पहिल्या दिवाळसणाला आला होता. यानं सकाळीच भिंतीवरून टाक्यात नीळ ओतली. आत चहाला आधण ठेवलं तेव्हा दिवाकररावांच्या मोटरनं त्यांच्याच टाक्यातलं पाणी ओढलं, आणि पातेल्यात निळं पाणी पडलं. हा अंगणात हजरच होता.

"दिवाकरराव," सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तुमच्या म्हशीचं मूत तुमच्या जावायच्या चहात हाय. रोजच असते. आज रंग देल्ला म्हणून दिसलं."

जावई त्याच दिवशी गावाला निघून गेला. नवीन कपडे न घेता गेला. दिवाकररावांनी मात्र टाक्यातली नळी काढली नाही. उलट आता मुद्दाम ठेवली.

अशी माणसं खरं बोलतात याचंच वाईट वाटतं. खोटं बोलला असता तर आळीनं त्याला कधीच माफ केलं असतं.

त्याला एकच मुलगी. सौंसरला दिलेली. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. घरी बायकोनं डिंक आणून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, मधल्या खोलीला चुना दिला. आणि हा माझ्या काउंटरवर येऊन बसला तो नुसता बसूनच राहिला. कोणा गिऱ्हाइकाला काही बोलला नाही. मला वाटलं, ताप आला असेल.

"पोट्टीले आणू का नाई?" तो म्हणाला.

"म्हणजे काय? आणायचीच ना."

"नदीकडच्या वस्तीत मी पाइप खोदाले गेल्लो होतो. तिथं एक सून होती, सातवा महिना. कावीळ झाली. तिचे डोळे म्या पाह्यले. बाकी सारे कावीळ होऊन चांगले झाले, तिची सासू चांगली झाली, दीर चांगला झाला. पोटुशी होती तेवढीच गेली." मग म्हणाला, "पाइपात म्या शेण पाह्यलं, भाऊ. हातानं काहाडलं."

मी म्हणालो, पाणी उकळून दे, नाहीतर पिण्यापुरती कॅन लाव.

"पिण्यापुरती. अन् दात कायनं घासन? भांडे, आंघोळ? लेकराचं तोंड कायनं धुवन? तिची माय दोन दिवस उकळन, तिसऱ्या दिवशी नळाचंच भरन. तीस वर्सं हेच पिऊन राहिलो म्हणते." बोअर तर त्यानं आधीच मारून पाहिला होता. नुसती धूळ निघाली होती.

मग त्यानं ठरवलं. मुलगी यायच्या आत आळीतल्या प्रत्येक घराला झडप बसवायची, स्वतःच्या हातानं. लोकांनी फक्त हो म्हणायचं होतं. आणि लोकांनी हो म्हणावं म्हणून त्याला ज्याच्या-त्याच्या दारात जावं लागणार होतं.

तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून गेला. ज्याच्या तोंडातून कधी साधं 'जी' निघालं नाही तो माणूस 'मायबाप' म्हणत फिरला. आणि आळीनं ते दिवस सणासारखे साजरे केले.

एका बाईंनी त्याला दारात उभं करून सांगितलं, "आयकू नाई आलं. पुन्हा म्हणा." त्यानं पुन्हा म्हटलं. तिनं सुनेला बाहेर बोलावलं. "यायले एकडाव पुन्हा म्हणू द्या, हिनं आयकलं नाई." बाथरूमवाल्या गृहस्थांनी त्याला आत नेलं, बाथरूमच्या दारात उभं केलं आणि विचारलं, "सांगा आता, कोणाच्या मापाचं हाय?" तो म्हणाला, "तुमच्याच मापाचं हाय भाऊ, माईच नजर खोटी." गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. झडप बसवू दिली.

दिवाकररावांनी त्याला संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर बसवून ठेवलं. त्यांची दाढी झाली, आंघोळ झाली, पूजा झाली. मग फोन काढून जावयाला लावला, आवाज मोठा केला आणि फोन याच्या तोंडासमोर धरला.

"बोल. जावईबापूले सांग."

"काय सांगू?"

"चहाचं. झूठ बोल्लो म्हणून सांग."

आळी भिंतीपलीकडून ऐकत होती. मी त्याच्या जागी असतो तर ते क्रेट दिवाकररावांच्या डोक्यात घातलं असतं. त्यानं जावयाला रामराम केला आणि सांगितलं, "जावईबापू, त्या दिवशीचं म्या खोटं सांगतलं होतं. चहात काई नव्हतं." जावयानं फोन ठेवून दिला. दिवाकरराव म्हणाले, "लाव आता तुई झडप."

हे त्यानंच मला सांगितलं, पितळी नळ्या मोजून घेता घेता. चेहऱ्यावर राग नव्हता. "पोट्टीसाठी हाय ना," एवढंच म्हणाला. मला इतका संताप आला होता की मी त्याच्याशीच भांडलो.

झडपा बसल्या. सगळ्या. आणि त्यानं ठरवलं की पुढच्या पाण्याच्या दिवशी एकदा नीळ घालून तपासायचं, सगळं ठीक निघालं की दुपारी सौंसरला जाऊन मुलीला घेऊन यायचं.

त्या सकाळी मी तिथं होतो. त्यानं फोन करून एक जादा झडप मागवली होती, ती द्यायला स्कूटरनं गेलो होतो. पाणी आलं, आळीभर मोटरी सुरू झाल्या. त्यानं एकेका घरच्या ड्रममध्ये चिमूटभर नीळ टाकत आणली आणि दरवेळी आपल्या मोरीत जाऊन नळ पाहिला. स्वच्छ. पुढचं घर, स्वच्छ. बायको दारात उभी राहून हसत होती. शेवटी त्यानं दिवाकररावांच्या टाक्यात नीळ टाकली, घरी आला आणि मोरीतला नळ सोडला.

आधी पाणी पांढरं आलं. मग निळं आलं.

तो पाना घेऊन दिवाकररावांच्या अंगणात गेला. मी मागं. झडप जागेवर होती, पितळ चमकत होतं. त्यानं ती खोलली. आत काहीच नव्हतं. नुसती पोकळ नळी.

दिवाकरराव ओट्यावर पेपर वाचत होते. "पाणी हळू येऊन राहिलं होतं," ते म्हणाले. "आतली काहाडून टाकली. बाहेरून तं दिसून राहिली ना तुले? झालं मंग."

आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाशी गाडी वाजली.

मुलीच्या सासूबाईंना पांढुर्ण्यात लग्नाला यायचं होतं. गाडी येतेच आहे तर सुनेलाही सोडून देऊ, व्याह्यांची खेप वाचेल, असा त्यांनी सरळ विचार केला होता. मुलगी उतरली. आठवा महिना, ऊन चढलेलं, चेहरा लाल झालेला. आईनं धावत जाऊन तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, भाकरतुकडा ओवाळला आणि तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मुलीनं ग्लास तोंडाला लावला.

तो भिंतीवरून उडी मारून धावत आला आणि त्यानं ग्लास हिसकला. नुसता घेतला नाही, हिसकला. पाणी तिच्या पोटावर सांडलं. ग्लास नालीत गेला.

"गाडीत बस," तो म्हणाला. "परत जाय."

मुलीला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. ती हसली.

"हसू नको! आयकू येत नाई का? इथं पाय ठेवू नको. परत जाय सौंसरले."

त्याला गोड बोलता येत नव्हतं हो. आयुष्यभर जी जीभ वापरली तीच त्या क्षणी तोंडात होती. महिनाभर दारोदार जे मऊ शब्द उसने घेऊन वाटले, ते सगळे आळीतच संपले होते. पोरीसाठी एकही उरला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "अस्सं. पहिलं बाळंतपण आमच्या गळ्यात घालून राहिले व्याही. सरळ सांगाचं होतं, खर्च होते म्हणून."

"पाणी खराब हाय बाई इथचं. पाणी उलटं येते."

"पाणी?" सासूबाईंनी आळीकडे पाहिलं. आळी एव्हाना सगळी बाहेर आली होती. "पाणी खराब हाय का हो इथचं?"

जो तो दिवाकररावांकडे बघायला लागला. मग दिवाकरराव ओट्यावरून उठले, घरात गेले आणि भरलेला ग्लास घेऊन बाहेर आले. आळीच्या मधोमध उभं राहून त्यांनी ते पाणी प्यायलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मिशी पुसली. "आमी तं पेतो," ते म्हणाले. "आमचे लेकरं पेतात. आमचं पाणी कोणालेच खराब लागत नाई."

मी बोललो. मी सांगितलं की ते पाणी वरच्या टाकीतलं आहे, परवा भरलेलं. मोरीत चला, आत्ताचं दाखवतो. दिवाकरराव हसून म्हणाले, "हे दुकानदार हायेत. झडपा इकतात." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. मी पुन्हा बोललो तर आणखी हसले. तो मात्र मुलीचा दंड धरून तिला गाडीकडे नेत होता, आणि ती आईकडे बघत होती. आई म्हणाली, "आवो, इतके वर्सं आपुन पेलो ना हेच. माया पोट्टीसाठीच पाणी खराब झालं का?" त्यानं गाडीचं दार लावलं.

त्या मोरीत कोणी गेलं नाही. निळं पाणी तसंच वाहत होतं. पाणी जायची वेळ झाली तेव्हा आपोआप थांबलं.

मुलगी सौंसरला बाळंत झाली. मुलगी झाली, गुटगुटीत. बाळंतीण सुखरूप. बायको बारशाला गेली. याला बोलावणं नव्हतं. गर्भार पोरीच्या तोंडातलं पाणी हिसकणारा बाप म्हणून तो सौंसरपासून बोरगावपर्यंत प्रसिद्ध झाला होता.

पावसाळ्यात आळीत कावीळ आली. आता तुम्ही म्हणाल, दिवाकररावांना देवानं शिक्षा केली असेल, आळीचे डोळे उघडले असतील. दिवाकरराव पिवळे पडले खरे. पण उसाचा रस पिऊन, मुळे खाऊन महिन्याभरात ठणठणीत झाले, आणि दोष चौकातल्या गुपचुपवाल्यावर, म्हणजे पाणीपुरीवाल्यावर गेला. त्याचा ठेला आळीतल्या लोकांनी उलटा केला. आपला प्लंबर दिवाकररावांना बघायला गेला होता. खाटेशी उभा राहून म्हणाला, "हळद चांगली चढली तुमाले. नवरदेव होऊन राहिले का पुन्हा?" म्हणजे जीभ परत जागेवर आली होती. पण त्यातली मजा गेली होती. पूर्वी बोलून झाल्यावर तो स्वतःच खूश व्हायचा. आता बोलायचा आणि निघून जायचा.

एकदा त्यानं एक झडप नेली, "सौंसरले लावाची हाय" एवढंच सांगून. तिथल्या ओळखीच्या प्लंबरकडून मुलीच्या सासरच्या शेजाऱ्याला ती बसवली, कोणाला न सांगता. काही दिवसांनी मुलगी माझ्या दुकानात आली. कडेवर लेकरू, हातात कागदात गुंडाळलेली पितळी नळी. ती तिनं काउंटरवर ठेवली.

"काका, हे त्यायले देऊन देजा. अन् सांगजा, आमच्या गावात पाणी सरळच येते."

मी निरोप दिला. शब्दाला शब्द दिला नाही, पण दिला. त्यानं नळी खिशात घातली. "चांगली धडधाकट हाय ना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आहे. "अन् नात?" तीही आहे. "मंग काय," तो म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाला त्याच्या नवीन चपलांवरून टोचून बोलला.

दरवर्षी पोळ्याला बायको मुलीकडे जायची आणि तो घरी. एकदा तोही सोबत गेला. मुलीनं आईला आत घेतलं आणि दार लावलं. तो संध्याकाळच्या बसनं परत आला, थेट दुकानात. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "बरोबर केलं. मायीच पोट्टी हाय ते." त्या वेळी मला त्याचा हात धरावासा वाटला. धरला असता तर त्यानं हातावरूनही काहीतरी घाण बोलून दाखवलं असतं, म्हणून नाही धरला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. सावरगावच्या बाजूला काम चालू होतं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून कामावरच्या माणसाला शिव्या देत होता, बोलता बोलता खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. आळी अंत्ययात्रेला आली. दिवाकररावांनी खांदा दिला. घाटावर दोन शब्दही बोलले, माणूस तोंडाचा फटकळ पण मनाचा साफ होता म्हणून. मी तिथून बाजूला निघून गेलो.

बाकीच्यांनी आपापल्या झडपा केव्हाच काढल्या होत्या; आळीत आता त्याच्या एकट्याच्या घरीसुद्धा झडप नाही. बायकोनं घर विकलं, नवीन माणसानं ती काढून टाकली. पाणी हळू यायचं.

तेरवीनंतर मुलगी सौंसरच्या बससाठी माझ्या दुकानात येऊन बसली. लेक बाजूला खेळत होती, आता शाळेत जाण्याएवढी झालेली. मुलगी रडलेली दिसत नव्हती.  मग फळीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तुमी बोल्ले होते, काका. मले आठवते. सारे हासले होते."

"हो बाई. बोललो होतो."

"मीबी हासली होती."

मी काउंटरच्या बाहेर आलो. तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. इतकी वर्षं जे सांगायचं साठलं होतं ते आता सांगायचं, असं मी ठरवलं. क्रेटवर बसवलेलं, फोनवर बोलायला लावलेलं, दारोदार जोडलेले हात, सगळं. म्हणालो, "ऐक बाई, तुझ्या बापानं तुझ्यासाठी—"

"नोका सांगू."

"अगं, पण एकदा ऐकून—"

"नोका सांगू काका, पाया पडतो तुमच्या." ती खरंच वाकली. मी तिचे हात धरले.  "पोळ्याच्या दिवशी ते दाराबाहेर उभे होते. मी फटीतून पाहून राहिली होती. लय वेळ उभे होते. म्या कडी नाई काहाडली." तिनं मान वर केली. "ते वाईट होते म्हणून नाई काहाडली ना म्या. वाईटच राहू द्या त्यायले. ते चांगले निघाले तं मी कोठी जाऊ?"

बस लागली. तिनं लेकीचा हात धरला, पिशवी उचलली आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. काही सांगितलं नाही.